इतक्या देशांना गरुडच का लागतो? नाणी-मोहोरा चाळणाऱ्याचं उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. आजोबांच्या पेटीत पांढऱ्या धातूचं एक नाणं सापडलं. त्यावर दोन डोक्यांचा, पंख खाली सोडलेला गरुड आहे, डोक्यांवर मुकुट नाही, पंजातही काही नाही. ते रशियाच्या झारच्या काळातलं असेल का? त्याला जोडून दुसरा, मोठा प्रश्न: अमेरिका, जर्मनी, पोलंड, रशिया, अल्बेनिया, मेक्सिको, इजिप्त, एवढ्या देशांना चिन्हासाठी गरुडच का सुचला? आणि कुणाला एक डोकं, कुणाला दोन, हे काय गौडबंगाल आहे?

नाण्याचं शेवटी सांगतो. मधलं वाचून झालं की ते तुम्हालाच सांगता येईल.

मी जुनी नाणी, पदकं आणि लाखेच्या मोहोरांच्या नोंदी करतो. वीसेक वर्षं झाली. म्हणजे दिवसभर भिंगाखाली कुणाचा तरी पंख, कुणाची तरी चोच. गरुड हे सामर्थ्याचं, तीक्ष्ण नजरेचं आणि उंच भरारीचं प्रतीक आहे, हे उत्तर मी इतक्यांदा ऐकलंय की आता नुसती मान हलवतो. ते चूक नाही, पण त्याने काम भागत नाही. सामर्थ्यच दाखवायचं तर सिंह आहे, अस्वल आहे, बैल आहे. तेही चिन्हांवर आहेतच. गरुडाचं प्रकरण वेगळं आहे. राजचिन्हावरचा गरुड बहुतेक वेळा पक्ष्याविषयी काही सांगत नाही, आपण कुणाच्या गादीचे वारस आहोत ते सांगतो. आणि युरोपात ज्याचा वारसा सांगून मान मिळावा असं घर एकच होतं, ते रोम.

रोमच्या आधीही गरुड होता. ग्रीकांकडे तो झ्यूसचा पक्षी. अलेक्झांडरनंतर इजिप्तची गादी धरलेल्या टॉलेमी घराण्याने तो आपल्या नाण्यांवर घेतला, पंजाखाली वज्र दिलं. ही नाणी हातात घेऊन बघण्यासारखी असतात: गरुड एका बाजूला तोंड करून निवांत उभा आहे, पिसं एकेक कोरलेली, आणि पायाखाली आकाशातली वीज काडीसारखी दाबून धरलेली. पण त्याला राजकारणात वजन आलं ते रोमन सैन्यामुळे. रोमन पलटणी काठीच्या टोकावर वेगवेगळे प्राणी मिरवत: लांडगा, घोडा, रानडुक्कर वगैरे. थोरल्या प्लिनी या रोमन लेखकाने लिहून ठेवलंय की इ.स.पू. १०४ मध्ये गायस मारियस या सेनापतीने आपल्या दुसऱ्या कॉन्सलपदाच्या (रोमच्या सर्वोच्च पदाच्या) वेळी बाकीचे सगळे काढून टाकले आणि प्रत्येक लीजनला, म्हणजे काही हजार शिपायांच्या तुकडीला, एकच निशाण दिलं, गरुड. तो वाहून नेणारा शिपाई वेगळा असे आणि त्याचा मानही मोठा असे.

इथे लक्षात घ्या, हा कापडाचा झेंडा नव्हता. ती धातूची मूर्ती होती. ती शत्रूच्या हाती लागणं म्हणजे लीजनचं नाक कापलं जाणं. इ.स.पू. ५३ मध्ये काऱ्हीच्या लढाईत इराणच्या पार्थियनांनी रोमन सेनापती क्राससचं सैन्य कापून काढलं आणि गरुड नेले. ते परत मिळवायला रोमला तेहतीस वर्षं लागली. इ.स.पू. २० मध्ये सम्राट ऑगस्टसने ते परत मिळवले, तेही लढून नव्हे तर वाटाघाटी करून. तरी त्याने त्याची नाणी पाडली आणि त्याच्या प्रसिद्ध पुतळ्याच्या छातीवरच्या चिलखतावर तोच प्रसंग कोरलेला आहे. पुढे इ.स. ९ मध्ये जर्मन जंगलात रोमन सेनापती व्हॅरसच्या तीन लीजन संपल्या, तीन गरुड गेले. त्यातला तिसरा सापडायला इ.स. ४१ उजाडलं. त्या तीन लीजनांचे क्रमांक रोमने पुन्हा कुठल्याही तुकडीला दिले नाहीत. एका धातूच्या पक्ष्यासाठी एवढा खटाटोप ज्यांनी केला, त्यांचा दरारा पुढच्या राजांना हवाहवासा वाटला, तर त्यात नवल काय?

नेपोलियनचंच बघा. १८०४ मध्ये तो सम्राट झाला तेव्हा चिन्ह काय असावं यावर त्याच्या सल्लागारांत चर्चा झाली. कोंबड्याचं नाव पुढे आलं, कारण लॅटिनमध्ये कोंबडा आणि गॉलचा (म्हणजे जुन्या फ्रान्सचा) रहिवासी यांना एकच शब्द आहे. नेपोलियनला कोंबडा मुळीच मंजूर नव्हता. सिंहाचाही विचार झाला. शेवटी गरुड ठरला, आणि त्या वर्षीच्या ५ डिसेंबरला पॅरिसच्या शां द मार्स मैदानात त्याने आपल्या पलटणींना काठीवर बसवलेले कांस्याचे गरुड वाटले. थेट रोमची नक्कल, वज्रासकट. वॉटर्लूला त्यातले दोन ब्रिटिश घोडेस्वारांच्या हाती लागले. पंचेचाळिसाव्या पलटणीचा गरुड आजही एडिंबराच्या किल्ल्यात ठेवलेला आहे.

आता दोन डोक्यांकडे येऊ, कारण सगळ्यात जास्त भाकडकथा याच्याभोवती आहेत.

सर्रास सांगितलं जाणारं स्पष्टीकरण असं: एक डोकं पूर्वेकडे बघतं, एक पश्चिमेकडे, साम्राज्य दोन्हीकडे पसरलं म्हणून दोन डोकी. ऐकायला छान आहे, पण हे नंतर चिकटवलेलं आहे. दोन डोक्यांचा गरुड रोमन साम्राज्यापेक्षा खूप जुना आहे. आजच्या तुर्कस्तानात अलाजाह्युयुकला हित्ती लोकांच्या वेशीवर तो कोरलेला आहे, इसवी सनापूर्वी हजारभर वर्षांहून आधी. तक्षशिलेजवळच्या सिरकपला एका स्तूपाच्या चौथऱ्यावर तो बसलेला दिसतो. दक्षिण भारतात त्याच जातकुळीचा गंडभेरुंड विजयनगरच्या नाण्यांवर आला, पुढे म्हैसूरच्या वाडियार राजांनी घेतला आणि आज कर्नाटक सरकारच्या चिन्हावर आहे. सेल्जुक तुर्कांनी तो आपल्या इमारतींच्या दगडांत कोरला. यांतल्या कुणाचाही 'रोमच्या पूर्व-पश्चिम' भानगडीशी संबंध नाही.

मग दोन डोकी का? मला पटणारं कारण कारागिराचं आहे. समोरून पंख पसरलेला पक्षी काढायला बसलात की डावी-उजवी बाजू जुळते: दोन पंख, दोन पाय, मधोमध शेपटी. घोटाळा फक्त डोक्यापाशी होतो. ते एका बाजूला वळवावं लागतं आणि तोल जातो. दुसरं डोकं जोडलं की सगळं आरशात बघितल्यासारखं बसतं. विणकरांना तर हे अर्धं काम वाचवणारं होतं, कारण एकच नमुना उलटा करून दुसरी बाजू विणता येते. मोहोर कोरणाऱ्यालाही गोल जागा नीट भरून मिळते. एकदा आकृती हातात आली की अर्थ सांगणारे पुरोहित आणि दरबारी असतातच.

युरोपात मात्र या आकृतीला नेमका हुद्दा मिळाला. मध्य युरोपातल्या पवित्र रोमन साम्राज्यात राजाला आधी सरदार निवडत, आणि मग पोपच्या हातून अभिषेक झाला तरच तो सम्राट. १४३३ मध्ये सिगिस्मुंडला रोममध्ये सम्राटपदाचा अभिषेक झाला आणि तिथून रीत पक्की झाली: राजाला एक डोकं, सम्राटाला दोन. म्हणजे त्या काळातली मोहोर हातात आली तर डोकी मोजून ती राजा असतानाची की सम्राट झाल्यावरची याचा अंदाज बांधता येतो. एखाद्या पदवीनंतर नावामागे लागणाऱ्या अक्षरांसारखंच हे.

तिकडे कॉन्स्टँटिनोपलला, म्हणजे पूर्वेकडच्या बायझंटाइन साम्राज्याच्या राजधानीत, शेवटच्या पालिओलोगोस राजघराण्याकडेही दोन डोक्यांचा गरुड होता. ते शहर १४५३ मध्ये तुर्कांच्या हाती पडलं. १४७२ मध्ये त्या घराण्यातल्या सोफियाचं लग्न मॉस्कोच्या तिसऱ्या इव्हानशी झालं, आणि पुस्तकांत लिहिलेलं असतं की नवरीने माहेरून गरुड आणला. गोष्ट गोड आहे. पण इव्हानची दोन डोक्यांचा गरुड असलेली प्रसिद्ध मोहोर आहे १४९७ ची. लग्न होऊन पंचवीस वर्षं झाली होती! मधल्या काळात काय घडलं? पवित्र रोमन साम्राज्याच्या हाब्सबुर्ग सम्राटाचे दूत मॉस्कोला येऊ लागले. १४८९ मध्ये त्यांच्यापैकी एकाने इव्हानला 'आमचे सम्राट तुम्हाला राजा ही पदवी देतील' असं सुचवलं, आणि इव्हानने ते साफ नाकारलं: आमचं राज्य आम्हाला देवाकडून आलंय, दुसऱ्या कुणी द्यायची गरज नाही. अशा माणसाला समोरच्याच्या पत्रावर दोन डोक्यांचा गरुड दिसला, तर तो आपल्या मोहोरेवर एक डोक्याचा ठेवेल का? मला सासुरवाडीपेक्षा ही बरोबरीची चुरस जास्त खरी वाटते. अर्थात बायझंटाइन वारशाचा डौल मिरवायलाही तो सोयीचा होताच.

तर गरुड कुणाचा हे कळायला पक्ष्याकडे कमी आणि त्याच्या अंगावरच्या सामानाकडे जास्त बघायचं. डोक्यावर काय, पंजात काय, छातीवर काय. सत्ता बदलली की पक्षी सहसा तोच राहतो, सामान बदलतं. पोलंडचा लालवरचा पांढरा गरुड घ्या. १२९५ मध्ये दुसरा प्शेमिस्वाव राजा झाला तेव्हापासून तो राज्याचं चिन्ह आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर कम्युनिस्ट राजवटीने गरुड ठेवला, पण डोक्यावरचा मुकुट उतरवला. १९८९ च्या डिसेंबरात, राजवट कोसळत असताना, संसदेने जे पहिले काही कायदे केले त्यातला एक म्हणजे मुकुट परत बसवण्याचा. पोलंडमध्ये तेव्हा राजा नव्हता, आजही नाही. तिथे मुकुटाचा अर्थ 'आम्ही कुणाचे मांडलिक नाही' एवढाच आहे.

ऑस्ट्रियाचा गरुड तर नव्या माणसाला हमखास चकवतो. एका पंजात विळा, दुसऱ्यात हातोडा. बघणारा लगेच म्हणतो, कम्युनिस्ट! पण हे सामान १९१९ चं आहे. राजेशाही गेली, दोनातलं एक डोकं गेलं, आणि नव्या प्रजासत्ताकाने तीन वर्गांची तीन चिन्हं दिली: शेतकऱ्याला विळा, कामगाराला हातोडा आणि शहरी मध्यमवर्गाला डोक्यावर तटबंदीच्या आकाराचा मुकुट. मध्ये १९३४ मध्ये आलेल्या हुकूमशाहीने विळा-हातोडा काढून पुन्हा दोन डोकी बसवली. १९४५ नंतर एक डोकं परत आलं, आणि पायांत तुटलेल्या साखळ्या आल्या. पंचवीस-तीस वर्षांचा सगळा इतिहास एका पक्ष्याच्या पायांत आणि मानेवर लिहिलेला आहे. वर्ष पुसलं गेलेलं ऑस्ट्रियन पदक आलं तर मी पहिल्यांदा साखळ्या शोधतो.

जर्मनीचं उदाहरण जरा सावकाश सांगतो, कारण त्यातून या शास्त्राचा मूळ नियम कळतो. राजचिन्हशास्त्रात कायदा असतो तो शब्दांत केलेल्या वर्णनाला, चित्राला नाही. १९१९ मध्ये राष्ट्राध्यक्ष एबर्ट यांनी आणि १९५० मध्ये होइस यांनी जवळजवळ त्याच शब्दांत जाहीर केलं: सोनेरी-पिवळ्या पार्श्वभूमीवर एकाच डोक्याचा काळा गरुड, डोकं उजवीकडे वळलेलं, पंख उघडे पण पिसं मिटलेली, चोच, जीभ आणि पंजे लाल. बस्स. गरुड बारीक की जाड, पिसं किती, रागावलेला की विचारात पडलेला, हे कुठेच लिहिलेलं नाही. म्हणून टोबियास श्वाब यांनी वायमार काळात (हिटलरच्या आधीच्या प्रजासत्ताकात) काढलेला नेटका गरुड राजचिन्हावर आहे, नाण्यांवर वेगळा आहे आणि संसदेत तिसराच. संसदेतला लुडविग गीस यांनी १९५३ मध्ये तेव्हाची पश्चिम जर्मन राजधानी बॉनमधल्या संसदेसाठी केला. तो इतका गुबगुबीत आहे की जर्मन लोक त्याला 'लठ्ठ कोंबडी' म्हणतात. १९९९ मध्ये संसद बर्लिनच्या जुन्या राइशटाग इमारतीत आली. इमारतीचं नूतनीकरण करणारे नॉर्मन फॉस्टर यांना तिथे सडपातळ गरुड हवा होता आणि त्यांनी त्याची बरीच रेखाटनं केली. खासदारांनी ऐकलं नाही. लठ्ठ कोंबडीच पाहिजे. आज ती भाषणाच्या जागेमागे टांगलेली आहे, वजन सुमारे अडीच टन. माझ्या मते हा खासदारांचा शहाणपणाचा निर्णय होता. त्या देशाने १९३३ ते १९४५ मध्ये पंख ताणलेला, पंजात स्वस्तिकाचं कडं धरलेला गरुड पुरेपूर बघितला होता.

त्या गरुडाचं भूत अजून पुरतं उतरलेलं नाही. १९३९ मध्ये उरुग्वेच्या मोंतेविदेओजवळ बुडवलेल्या 'ग्राफ श्पे' या जर्मन युद्धनौकेचा कांस्याचा गरुड २००६ मध्ये समुद्रातून वर काढला. त्याचं करायचं काय, यावर उरुग्वेत वर्षानुवर्षं खल चालला. २०२३ मध्ये तिथल्या राष्ट्राध्यक्षांनी जाहीर केलं की तो वितळवून त्याचं शांतीचं कबूतर करू. इतका गदारोळ झाला की काही दिवसांतच बेत मागे घ्यावा लागला.

वर 'डोकं उजवीकडे' म्हटलं. इथे नवशिक्यांची हटकून चूक होते, म्हणून सांगून ठेवतो. ढालीची उजवी बाजू म्हणजे ढाल धरणाऱ्याची उजवी, बघणाऱ्याची नाही. म्हणजे आपल्याला डावीकडे बघताना दिसणारा गरुड शास्त्राप्रमाणे उजवीकडे बघत असतो. उजवी बाजू मानाची. त्यामुळे दुसरीकडे बघणारा गरुड दिसला की मी थबकतो. एकतर त्यामागे काही कारण असतं, नाहीतर कोरणाऱ्याने साचा उलटा केलेला असतो.

या उजव्या-डाव्यावरून अमेरिकेत एक दंतकथा फिरते की तिथल्या राष्ट्राध्यक्षांच्या मोहोरेवरचा गरुड युद्ध सुरू झालं की शांततेच्या ऑलिव्ह फांदीकडून तोंड फिरवून बाणांकडे बघतो. असं काही होत नाही. झालं ते एवढंच की १९४५ च्या ऑक्टोबरात राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी अध्यक्षीय मोहोरेचं चित्र दुरुस्त केलं. त्याआधी त्यावरचा गरुड खरोखर बाणांकडे, म्हणजे स्वतःच्या डावीकडे बघत असे. त्यांनी डोकं मानाच्या बाजूला, फांदीकडे वळवलं, आणि ते कायमचं. देशाची जी मुख्य मोहोर आहे, तिच्यावरचा गरुड तर सुरुवातीपासून फांदीकडेच बघतो.

त्या मुख्य मोहोरेची गंमत मला फार आवडते. ४ जुलै १७७६ ला, स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याच्याच दिवशी, फ्रँकलिन, अ‍ॅडम्स आणि जेफर्सन यांची समिती नेमली गेली. त्यांच्या आराखड्यात गरुडाला मुख्य जागा नव्हती, आणि तो मंजूरही झाला नाही. दुसरी समिती झाली, तिसरी झाली. तिसरीच्या मदतीला आलेल्या विल्यम बार्टनने वर कोपऱ्यात एक छोटा पांढरा गरुड घातला होता. तिथल्या काँग्रेसचे, म्हणजे संसदेचे, सचिव चार्ल्स थॉमसन यांनी तो मधोमध आणला आणि एक शब्द जोडला: 'अमेरिकन'. म्हणजे युरोपातल्या राजांचा नव्हे, इथल्या नदीकाठचा, पांढऱ्या डोक्याचा. आपण त्याला टकला गरुड म्हणतो, पण टक्कल नसतं, पिसंच पांढरी असतात. २० जून १७८२ ला ते मंजूर झालं. रोमचा डौल घ्यायचा, पण वारसा सांगायचा नाही, असा हा दुहेरी डाव. फ्रँकलिनने तो पक्षी वाईट चालीचा आहे, दुसऱ्याने पकडलेला मासा हिसकावून घेतो, त्यापेक्षा टर्की बरी, असं लिहिल्याचं सगळ्यांना ठाऊक असतं. पण ते त्याने १७८४ मध्ये मुलीला लिहिलेल्या खासगी पत्रात, तेही माजी सैनिकांच्या एका संघटनेच्या पदकाची थट्टा करताना लिहिलं. मोहोरेसाठी टर्की त्याने कधी सुचवली नव्हती.

कायद्यात लिहिलेलं होतं की गरुडाच्या डाव्या पंजात तेरा बाणांची जुडी असावी, कारण राज्यं तेरा. पहिला साचा झिजला. १८४१ मध्ये नवा कोरून घेतला. कोरणाऱ्याने बाण काढले सहा. आणि देशाच्या सगळ्या महत्त्वाच्या कागदपत्रांवर चाळीसहून जास्त वर्षं तीच सहा बाणांची मोहोर उठत राहिली. १८८५ मध्ये नवा साचा आला तेव्हा तेराचा आकडा परत आला. साच्यात बाण मोजायचे असतात, हे मी शिकाऊ मुलांना या गोष्टीवरूनच सांगतो. एक भर: इतकं सगळं होऊनही तो अमेरिकेचा 'राष्ट्रीय पक्षी' कायद्याने नव्हता. तो २०२४ च्या डिसेंबरात झाला.

रोमशी नातं न सांगणारेही गरुड आहेत, त्यांतला एक मेक्सिकोचा. अस्तेक लोकांना देवाने सांगितलं होतं की निवडुंगावर बसलेला गरुड दिसेल तिथे वसा. त्याप्रमाणे १३२५ मध्ये तळ्यातल्या बेटावर तेनोच्तित्लान वसलं, आजचं मेक्सिको सिटी, अशी परंपरा. आज त्याच्या तोंडात साप असतो. पण स्पॅनिश विजयानंतर काही वर्षांतच तयार झालेल्या 'मेंदोसा' चित्रपोथीच्या पहिल्या पानावर निवडुंग आहे, गरुड आहे आणि साप नाही. तो नंतरच्या चित्रांत आला.

अरब देशांचा गरुड कैरोच्या किल्ल्याच्या भिंतीवरून आला. तिथे दगडात कोरलेला एक गरुड आहे, त्याचं डोकं आता उरलेलं नाही. तो बाराव्या शतकातला सुलतान सलादिन याचा मानतात. १९५२ च्या क्रांतीनंतर इजिप्तने तो घेतला आणि मागोमाग इराक, येमेन वगैरेंनीही. सीरियाने बराच काळ गरुडाऐवजी ससाणा ठेवला, कारण ससाणा हा पैगंबरांच्या कुरैश टोळीचा. या दोघांत मी एकदा तोंडावर आपटलो आहे. इजिप्तच्या एका पदकाची नोंद करताना 'सलादिनचा गरुड' असं बेधडक लिहून मोकळा झालो. वर्ष होतं १९७६. पण १९७२ ते १९८४ या काळात इजिप्त, सीरिया आणि लिबिया यांच्या संघामुळे इजिप्तच्याही चिन्हावर ससाणा होता, आणि पायाखालच्या पट्टीवर त्या संघाचं नाव अरबीत होतं. मी ती पट्टी वाचलीच नव्हती. नोंद छापून झाली होती. तेव्हापासून पक्ष्याच्या आधी पट्टी.

आपली मराठीची म्हणून एक वेगळी अडचण आहे. गरुड म्हटलं की आकाशातला पक्षीही तोच आणि विष्णूचं वाहनही तोच. इंग्रजीत किंवा जर्मनमध्ये हा गोंधळ होत नाही. थायलंडचा 'क्रुत' आणि इंडोनेशियाचा गरुड हे पक्षी नाहीत, ते पुराणातले गरुड आहेत. त्यांना युरोपच्या यादीत घालू नका. इंडोनेशियाचं चिन्ह ११ फेब्रुवारी १९५० ला स्वीकारलं गेलं. पोंतियानाकचे सुलतान दुसरे हमीद यांच्या पहिल्या आराखड्यात गरुडाला माणसाचे हात होते, आपल्याकडच्या मूर्तींत असतात तसे. मुस्लिम पक्षाच्या नेत्यांना ते जास्तच पौराणिक वाटलं, म्हणून तो पूर्ण पक्षी झाला. मग डोकं अमेरिकेच्या गरुडासारखं दिसू लागलं, म्हणून त्याला तुरा दिला. आणि पिसं मोजून बघा: प्रत्येक पंखाला १७, शेपटीला ८, शेपटीच्या मुळाशी १९, मानेवर ४५. म्हणजे १७-८-१९४५, स्वातंत्र्याच्या घोषणेची तारीख. जर्मनीच्या वर्णनात पिसांचा आकडाच नाही आणि इथे एकेक पीस मोजून घेतलंय.

हे सगळं जुन्या पेट्यांतलं आहे असं वाटत असेल तर २०१८ चा फुटबॉल विश्वचषक आठवा. स्वित्झर्लंडने सर्बियाला २-१ हरवलं. स्वित्झर्लंडचे दोन्ही गोल ज्यांनी केले त्या जाका आणि शाकिरी यांची घराणी मूळची कोसोव्होतली, अल्बेनियन वंशाची. गोल झाल्यावर दोघांनी अंगठे एकमेकांत अडकवून तळहात पंखांसारखे हलवले. अल्बेनियाच्या लाल झेंड्यावरचा दोन डोक्यांचा काळा गरुड. हाच गरुड अल्बेनियाचा वीर स्कांदरबेग याने १४४३ मध्ये क्रुयाच्या किल्ल्यावर तुर्कांविरुद्ध उभारला होता असं मानतात. सर्बियाचे लोक खवळले आणि फिफाने दोघांना प्रत्येकी १०,००० स्विस फ्रँक दंड केला. यातला विनोद असा की सर्बियाच्या राजचिन्हावरही दोन डोक्यांचाच गरुड आहे. फक्त तो पांढरा आहे, डोक्यावर मुकुट आहे आणि छातीवर क्रूसाची ढाल. दोन्ही कॉन्स्टँटिनोपलच्या एकाच घरातून निघालेले.

आता तुमचं नाणं. दोन डोकी आणि पांढरा धातू बघून झार आठवणं साहजिक आहे. पण झारचा गरुड मुकुटाशिवाय बाहेर पडत नसे. सतराव्या शतकापासून वर तीन मुकुट, एका पंजात राजदंड, दुसऱ्यात राजसत्तेचा गोल. तुमच्याकडच्या गरुडाच्या पंजात काही नाही आणि डोकी उघडी आहेत. हे चित्र १९१७ चं आहे. फेब्रुवारी क्रांतीत झार गेला, आणि हंगामी सरकारला गरुड हवा होता पण राजा नको होता. चित्रकार इव्हान बिलिबिन यांनी तिसऱ्या इव्हानच्या त्या जुन्या मोहोरेवरून पंख खाली सोडलेला गरुड काढला आणि त्याचे मुकुट, राजदंड सगळं उतरवलं. त्या सरकारच्या नोटांवर तो आला. ऑक्टोबरात सरकार गेलं आणि त्यासोबत तोही. सोव्हिएत संघ संपल्यावर रशियाच्या मध्यवर्ती बँकेने हेच चित्र उचललं आणि १९९२ पासून २०१५ पर्यंत रुबलच्या नाण्यांवर वापरलं. राज्याच्या चिन्हावर १९९३ मध्ये मुकुटवाला गरुड परत आला होता, तरी नाण्यांवर हाच बिनमुकुटाचा राहिला. २०१६ पासून तिथेही मुकुट आले.

तेव्हा भिंग घ्या आणि गरुडाच्या पायाखाली बघा. कमानीसारखी वळलेली रशियन अक्षरं असतील, दोन शब्द, तर ते बँकेचं नाव आहे. वर्ष त्याच बाजूला कडेलगत मिळेल. धातू चांदी नसून निकेलच्या मुलाम्याचा किंवा मिश्रधातूचा असण्याची शक्यता जास्त. चुंबक लावून बघा, चिकटलं तर चांदी नाही हे नक्की. आजोबांच्या पेटीत ते कसं आलं हे मला सांगता येणार नाही, पण झारच्या तिजोरीतून आलेलं नाही. पॉलिश मात्र करू नका.